दुसऱ्या गोळीचा बंदोबस्त

३ नोव्हेंबर, सोमवार

दाढी करताना हनुवटीखाली लागलं. रक्त सव्वीस मिनिटं थांबलं नाही. घड्याळ समोर ठेवून मोजलं. तुरटी झाली, हळद झाली, शेवटी द्वारकाने कॉफी पावडर दाबून बसवली. दिवसभर तोंडाला हॉटेलचा वास. दंडावर परवाचा निळा डाग आहेच, बसच्या दांड्याला नुसता टेकलो होतो. रिक्षा स्टँडवरच्या सदूने चारचौघांत विचारलं, काका, काकींनी मारलं काय?

हे सगळं त्या दुसऱ्या गोळीचं काम. मार्चमध्ये अटॅक आला, स्टेंट बसला, तेव्हापासून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. पहिली ॲस्पिरिन. तिच्याशी माझं भांडण नाही. दुसरी गुलाबी. ती वर्षभर एक दिवससुद्धा चुकवायची नाही, नाहीतर स्टेंटमध्ये गुठळी होईल, असं डॉ. अभिनव म्हणतो. त्याचं वय असेल चौतीस. तेवढी तर माझी नोकरी झाली.

आमचे बाबा मिठागरात खारं पाणी बोटावर घेऊन अंगठ्याने चोळायचे आणि सांगायचे, परवा मीठ धरणार. धरायचंच. मी आज हनुवटीचं रक्त तसंच चोळून पाहिलं. निव्वळ पाणी! मोरव्यातल्या पाटलांच्या सात पिढ्यांत असं रक्त कुणाचं झालं नसेल.

निर्णय: दुसरी गोळी बंद. घरात सांगायचं नाही.

४ नोव्हेंबर. सकाळी ६.४०

द्वारका रोज गोळ्यांची पट्टी तपासते. रिकामं घर दिसलं पाहिजे. म्हणून गोळी पट्टीतून काढली, तोंडाजवळ नेली, बुशशर्टच्या खिशात टाकली. फिरायला गेलो तेव्हा खाडीत सोडली. एकदम सोपं. चौतीस वर्षं घरोघर विजेचे मीटर वाचले, मीटरला चुकवून वीज ओढणारे शेकड्याने पकडले. लोक कुठे चुकतात ते मला पाठ आहे. मी नाही चुकणार.

९ नोव्हेंबर

दाढी. मुद्दाम जोर लावून केली. रक्त चार मिनिटांत बंद. सिद्ध झालं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हॉस्पिटलमधून सुरुचीचा फोन. गोड मुलगी. तिथल्या एका अभ्यासाचं काम बघते: हृदयाची नळी अरुंद झालेल्या माणसाच्या रक्तात गुठळी होण्याचा धोका आधीच ओळखता येतो का. मी सप्टेंबरमध्ये सही केली होती. माझा क्रमांक ४७. एडविनचा ४८. एडविन म्हणजे माझा स्टेंटबंधू, उत्तनजवळच्या डोंगरीचा. आम्हाला एकाच दिवशी, एकाच टेबलावर स्टेंट बसला. आधी मला.

दुपारी जाऊन आलो. पाच नळ्या रक्त घेतलं. एका नळीत डी-डायमर बघतात, म्हणजे आत कुठे गुठळी होऊन विरघळतेय का. एकीत फायब्रिनोजेन, ज्याच्यापासून गुठळीची जाळी विणली जाते. तिसरीत प्लेटलेट किती चिकट आहेत, म्हणजे गोळीने त्यांना किती गप्प बसवलंय. उरलेल्या दोन फ्रीजमध्ये ठेवतात, त्या सावकाश तपासणार. सुरुचीने सगळं समजावलं आणि शेवटी विचारलं, काका, गोळ्या रोज घेता ना?

मी म्हटलं, रोज पट्टीतून काढतो. हे खोटं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट. डी-डायमर नॉर्मल. फायब्रिनोजेन ४१०, जरा वर. प्लेटलेटचा चिकटपणा २६२! एडविनचा ९८. फोनवर ऐकून त्याने दोनदा विचारलं, किती? मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, तुझाही वाढेल.

मग म्हणाला, सुरुची तर सांगत होती की आकडा खाली हवा. मी समजावलं, ते सामान्य माणसांसाठी.

२५ नोव्हेंबर

डॉ. अभिनवने आकडा पाहून खुर्ची पुढे ओढली. मार्चपासून माझ्याकडे एवढं लक्ष त्याने पहिल्यांदा दिलं. म्हणाला, काका, तुमच्यावर ही गोळी चालतच नाहीये. काही लोकांचं शरीर तिला दादच देत नाही, जन्मजात असतं.

द्वारका शेजारीच बसली होती. त्याने विचारलं, एखादा डोस चुकतो का? मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, नाही हो, मी पट्टी मोजते. आता बायकोला डॉक्टरसमोर खोटं पाडायचं का? आपल्यात तशी पद्धत नाही. गप्प बसलो.

गोळी बदलली. आता याहून जोरदार, दिवसातून दोनदा. धाप लागू शकते म्हणे. म्हणजे आधी एक खाडीत टाकत होतो, आता दोन टाकायच्या. संध्याकाळचंही फिरणं आलं. ह्या लोकांना माझा त्रास दिसतच नाही.

एक गोष्ट मात्र बरी झाली. डॉक्टर म्हणाला, तुमची केस आमच्या मीटिंगमध्ये मांडतो. आता बोलावलं तर इंग्रजीत चार वाक्यं तयार हवीत. माय ब्लड इज फ्रॉम सॉल्ट पॅन फॅमिली. पुढचं उद्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

घरात संकट. काल रात्री द्वारका रडली. मुलगी भूमिका जेसल पार्कहून आली, तीही रडली. हे जन्मजात असेल तर माझ्यातही असणार, असं तिचं म्हणणं. तिला म्हटलं, अगं, अभिमानाची गोष्ट आहे. ती आईला घेऊन आतल्या खोलीत गेली.

सकाळी द्वारका देवासमोर बसली आणि आकडा खाली येईपर्यंत मासळी सोडली. नुसती तिची नाही. घरातलीच. बोंबील, सुकट, जवळा, भिंतीवरच्या डब्यासकट शेजारणीला देऊन आली. आगऱ्याच्या घरात दुपारी दुधी.

३० नोव्हेंबर, रविवार

दुधी.

७ डिसेंबर, रविवार

एडविन रिक्षाने आला. उत्तनच्या बंदरावरची ताजी पापलेटं घेऊन, चार, एकेक हाताएवढी. द्वारकाने दारातूनच हात जोडले. नवस आहे भाऊ, ह्यांच्या आकड्यासाठी. एडविनने ती पापलेटं परत पिशवीत घातली. मला ते बघवलं नाही.

एडविनच्या दोन्ही हातांवर जांभळे डाग. दात घासताना हिरडीतून रक्त येतं म्हणाला. माझे हात स्वच्छ. त्याने दोनदा वळवून पाहिले. काय खातोस तू? मी म्हटलं, दुधी.

९ डिसेंबर

बारा दिवस झाले. डोकं शांत ठेवून विचार केला. आकडा खाली आणल्याशिवाय मासळी नाही. गोळी घेतल्याशिवाय आकडा खाली नाही. गोळी घ्यायची नाही, हे तर तत्त्व आहे. मार्ग एकच. १२ तारखेला पुन्हा रक्त घेणार आहेत. आदल्या संध्याकाळी तीन गोळ्या एकदम घ्यायच्या. तेवढ्याच, फक्त तपासणीपुरत्या. गावात मीटर तपासणीच्या दिवशी सगळे तारेवरचे आकडे काढून ठेवायचे, तसंच. ते चोर होते. माझी गोष्ट वेगळी.

१२ डिसेंबर, शुक्रवार

रक्त दिलं. सुईच्या जागी कापूस अर्धा तास दाबून बसलो. सुरुचीने तीनदा बदलला.

तिथून थेट शेजारच्या कुलदीपच्या साखरपुड्याला. हॉलमध्ये पंखा जोरात, मी पुढच्या रांगेत, नवा पांढरा झब्बा. मुलीला हार घालायची वेळ आणि माझं नाक सुटलं. झब्ब्यावर, खुर्चीवर, मुलीच्या मामाच्या बुटावर. कोणीतरी ओरडलं, अपशकुन! फोटोवाला तेवढ्यात फ्लॅश मारत होता. द्वारकाने मला पदराने नाक धरून बाहेर नेलं. छाती धडधडत होती, धाप लागली होती. मी घाबरलो. हे इथे लिहितो, कोणी वाचणार नाही म्हणून.

ह्याला जबाबदार तो पंखा.

१८ डिसेंबर, गुरुवार

आकडा ३१. डॉ. अभिनव खूश. नवी गोळी उत्तम लागू पडली, आता हीच चालू ठेवायची. द्वारकाने डोळे पुसले, हॉस्पिटलमधूनच मासळी बाजारात गेली.

रात्री बोंबील तळले. द्वारका पहिला घास घेऊन थांबली. म्हणाली, वीस दिवस मी दर रात्री उठून तुमच्या नाकासमोर हात धरत होते. श्वास चालू आहे का बघायला.

मी पाच बोंबील खाल्ले. सहावा जाईना.

१९ डिसेंबर

तरी निकाल काय? तर प्रत्येक तपासणी माझ्या हुकुमात. हवा तेव्हा आकडा वर, हवा तेव्हा खाली. एवढा ताबा ज्याचा आपल्या रक्तावर आहे त्याला गोळीची गरज काय? खाडी चालू.

२५ डिसेंबर, गुरुवार

डोंगरीला एडविनकडे नाताळला. ऑड्रेने हाताला धरून बसवलं. केक, वडे, डुकराच्या मटणाचं सोरपोतेल. ऑड्रे म्हणजे एडविनची बायको, शाळेत शिपाई होती, आवाज अजून घंटेसारखा. मुलगा कॉलिन जहाजावर, त्याने व्हिडिओ कॉल करून सगळ्यांना हात हलवले.

जेवणानंतर एडविन मला मागच्या वाडीत घेऊन गेला. वांग्याच्या रोपांपाशी बसला आणि बाह्या वर करून हात दाखवले. म्हणाला, बघ काय झालाय. चर्चमध्ये लोकं इचारतान, एडविन, बायको मारते का रे? आता कंटाळा आला. तुला काय न्हाय, मला एवढा. खरा सांग.

दोन महिने पोटात ठेवलेलं. सांगायला एकही माणूस नाही. आणि समोर माझाच स्टेंटबंधू हात पसरून. सांगितलं. पट्टी, खिसा, खाडी, सगळं. बावन्न दिवस, एकदा ती तपासणी सोडली तर एकही नाही, आणि मी तुझ्यासमोर टुणटुणीत.

एडविनने बाह्या खाली केल्या. मग म्हणाला, आमच्याकडे समुद्रच हाय.

घरी येताना बसमध्ये मला फार हलकं वाटलं. एका माणसाला मार्ग दाखवला.

१ जानेवारी, गुरुवार

संकल्प. १) रोज फिरणे, दोन वेळ. २) रक्त ह्या विषयावर छोटी पुस्तिका लिहिणे. ३) सदूला उत्तर देणे.

एडविनचा फोन. आठवडा झाला, डाग पिवळे पडायला लागले, हिरडीचं रक्त थांबलं. पोरासारखा हसत होता. तूच माझा खरा डॉक्टर, म्हणाला. पुस्तिकेची सुरुवात ह्याच वाक्याने करावी.

१० जानेवारी, शनिवार

पुस्तिका: पान पहिलं. शीर्षक जमलं नाही.

११ जानेवारी, रविवार

सकाळी नऊला भूमिकाचा फोन. एडविन अंकलना पहाटे अटॅक आला. वाडीत पाणी घालताना पडले. ऑड्रेने शेजाऱ्याची गाडी काढायला लावली, डोंगरीहून पाऊण तासात हॉस्पिटल. स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. ती काढली. वाचले. आयसीयूत आहेत.

फोन ठेवला आणि आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. आधी स्वतःच्या. हे मला आवडलं नाही.

दुपारी गुपचूप गोळी घेतली. एक. पाण्याबरोबर, खरी.

१२ जानेवारी, सोमवार

हॉस्पिटल. काचेतून एडविन दिसला. नळ्या. त्याने मला पाहिलं आणि मान भिंतीकडे केली.

बाहेर बाकावर ऑड्रे. पर्समध्ये गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, रबर लावून ठेवलेल्या. मला एकेक दाखवली. म्हणाली, बाळाराम, मी स्वता मोजते, एक पन चुकवली न्हाय त्याने. मग असा कसा झाला? डॉक्टरने तिला सांगितलंय की तुमच्या त्या बाळाराम अंकलसारखंच असेल, शरीर गोळीला दाद देत नसेल. जन्मजात. म्हणून ती कॉलिनला जहाजावरून बोलावून घेतेय, त्याचं रक्त तपासायला. त्याचा करार मोडेल, चालेल म्हणाली.

माझ्या तोंडून निघालं, हो, असतं काहीकाहींचं.

मी असं म्हटलं. खरोखर म्हटलं.

१३ जानेवारी

उद्या सांगायचं. मुद्दे: १) मी त्याला गोळी सोड असं म्हटलं नव्हतं, फक्त स्वतःचं सांगितलं. २) तो सज्ञान आहे. ३) डॉक्टरने प्रश्न नीट विचारायला हवे होते. ४) द्वारकाने

चौथा मुद्दा खोडला. चारही खोडले.

रात्री द्वारकाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली. मग तवा उतरवला, हात धुतले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पिठाचा गोळा परातीत तसाच.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. हॉस्पिटलच्या दारात कोणीतरी तिळगूळ हातावर ठेवला. तो मुठीत धरूनच वर गेलो.

ऑड्रेसमोर उभा राहिलो. रात्री चांगली तयारी केली होती, पण एवढंच निघालं: गोळी आम्ही घेत नव्हतो. दोघंही. मी शिकवलं त्याला.

मला वाटलं, ती ओरडेल. तिचा तो घंटेसारखा आवाज सगळ्या मजल्यावर जाईल. मी तयार होतो, जवळजवळ तेच हवं होतं. तिने हळू विचारलं, किती दिवस? म्हटलं, त्याचे सोळा, माझे सत्तरच्या आसपास. ती म्हणाली, आनि तू उबा हायेस. तो आत हाय.

पट्ट्यांचं रबर काढून तिने सगळ्या पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. आधी कॉलिनला फोन लावला, नको येऊस म्हणून. मग डॉक्टरच्या खोलीत गेली.

लाज वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. तिळगूळ हातात वितळला.

१५ जानेवारी, गुरुवार

डॉ. अभिनवने बोलावलं. द्वारका आली नाही. त्याने आधी फक्त विचारलं, तो ३१ चा आकडा कसा आला? सांगितलं, तीन एकदम. त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, काका, त्या दिवशी नाकाऐवजी डोक्यात रक्तस्राव झाला असता तर? मग म्हणाला, एवढे दिवस तुमचा स्टेंट उघडा राहिला, ह्यात तुमचं कर्तृत्व काहीही नाही. एडविन अंकलचा राहिला नाही, एवढाच फरक आहे.

मी मीटिंगचं विचारलं. का विचारलं, देव जाणे. म्हणाला, मांडली होती तुमची केस. वरिष्ठांसमोर. आता उद्या जाऊन मागे घ्यायची आहे.

बाहेर सुरुची. तिने फाईल उघडून माझ्यासमोर दोन ओळी खोडल्या. ४७ आणि ४८. फूटपट्टी लावून, सरळ. फ्रीजमधल्या नळ्यांचं काय, विचारलं. टाकून देतो काका, म्हणाली. तिने मान वर केली नाही.

१६ जानेवारी

द्वारका बोलत नाही. जेवण वाढते. आज पापलेट होतं.

१८ जानेवारी, रविवार

एडविन घरी आला. ऑड्रेचा द्वारकाला फोन. दोघींनी परस्पर ठरवलं. आता दोघांनाही तीच जोरदार गोळी, सकाळी आठ, रात्री आठ. दोन्ही वेळा व्हिडिओ कॉल. दोघांनी एकमेकांसमोर गिळायची. बायका मागे उभ्या. मी म्हटलं, साठी ओलांडलेल्या माणसांना हे शोभतं का? द्वारका पाच दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, शोभत नाही.

१९ जानेवारी. ८.०० सकाळ

घेतली. एडविननेही. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. त्याचा चेहरा अर्धा झालाय. मी माफी मागणार होतो. ऑड्रेने फोन बंद केला.

८.०० रात्र

घेतली. मी म्हटलं, एडविन. तो उठून गेला.

२० जानेवारी

घेतली. घेतली. दाढीला लागलं, बावीस मिनिटं. कोणाला सांगणार.

२१ जानेवारी

घेतली, दोन्ही वेळा. उद्या काहीही झालं तरी त्याच्याशी बोलायचं. वाक्य ठरवलंय: एडविन, चूक माझी होती. एवढंच. मुद्दे नाहीत.

२२ जानेवारी, गुरुवार. ८.०० सकाळ

गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायलो. त्यानेही. वाक्य तोंडात होतं. तेवढ्यात एडविनने पहिल्यांदा थेट माझ्याकडे पाहिलं. दहा दिवसांनी. मला वाटलं, आता शिव्या देईल, किंवा हसेल.

म्हणाला, जीब दाखव.

मी द्वारकाकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती. तिकडे ऑड्रेही तशीच उभी.

दाखवली.

वर कर, म्हणाला. खाली बघायचाय.

केली.